आईच्या ओठाच्या आतला पांढरा चट्टा: दुखत नाही, मग दाखवायचा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आई ५८ वर्षांच्या, साताऱ्याकडच्या गावात राहतात, लग्नाच्या आधीपासून मिश्री लावतात. खालच्या ओठाच्या आत, हिरडीला लागून पांढरा, सुरकुतलेला चट्टा आहे. दुखत नाही, पण हल्ली भाजीचं तिखट झोंबतं. गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं मलम दोन महिने लावलं, फरक नाही. तुकडा काढून तपासावा लागेल असं कळल्यावर आई म्हणाल्या, "दुखत नाही त्याला कशाला हात लावायचा? सुई लागली की पसरतं." आणि आता घरात कुणीच पुढे होईना.

आधी उत्तर देते, कारणं नंतर. आईंना याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांना, शक्यतो मुखरोगतज्ज्ञांना, दाखवा. हा चट्टा कॅन्सरच असेल असं मी म्हणत नाही. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो मिश्रीमुळे जाड झालेल्या त्वचेचा असण्याची शक्यता मला जास्त वाटते. पण दोन महिने टिकलेला, पुसून न जाणारा पांढरा चट्टा, आणि त्यात तंबाखूची सवय, एवढ्यावर घरी बसून मलम लावत राहणं मला मान्य नाही.

मी गेली २४ वर्षं तोंडं तपासते आहे. या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य तुमच्या आईंचंच: दुखत नाही. म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

तोंडात जे सर्वांत जास्त दुखतं ते बहुतेक वेळा साधं असतं. आपण 'तोंड आलंय' म्हणतो तेव्हा ज्वारीच्या दाण्याएवढी जखम असते, मध्ये पिवळसर-पांढरी, भोवती लाल कड. एवढ्याशा जखमेनं माणूस दोन घास खाऊ शकत नाही. तरी ती ७ ते १४ दिवसांत व्रण न ठेवता भरून येते. साजूक तूप लावा, जाईचा पाला चघळा, दुकानातलं जेल लावा, ती आपल्या गतीनंच जाते. तेवढे दिवस झोंबणं कमी झालं की झालं. वारंवार तोंड येत असेल तर 'उष्णता' म्हणून सोडून न देता हिमोग्लोबिन, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड तपासून घ्यावं. निव्वळ शाकाहारी घरांत बी-१२ कमी असलेलं मला फार वेळा दिसतं, आणि ते भरून काढल्यावर वर्षानुवर्षांचा त्रास थांबलेलाही पाहिला आहे.

याच्या उलट, ज्यांची खरी काळजी करावी ते डाग सुरुवातीला मुकाट असतात. ल्युकोप्लेकिया, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच आजारात न बसणारा आणि पुसून न निघणारा पांढरा चट्टा, सहसा दुखत नाही. सुरुवातीचा कॅन्सरही बऱ्याचदा दुखत नाही. दुखायला लागून माणूस आमच्याकडे येतो तोवर रोग खोल गेलेला असतो. त्यामुळे मी रुग्णांना दुखतं का हे विचारते, पण वजन देते ते किती दिवस झाले या प्रश्नाच्या उत्तराला. कुठलीही जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर तो दाखवायचा. दुखो वा न दुखो.

आता उलटी बाजूही सांगते, कारण एकदा मनात भीती बसली की घरातली सगळी माणसं मोबाइलचा टॉर्च लावून तोंडं तपासू लागतात आणि ज्याला हात लावायची गरज नाही त्यानं घाबरतात. गालाच्या आत किंवा ओठाच्या कडेला रव्यासारखे पिवळसर कण दिसतात, त्या तेलग्रंथी आहेत. त्यांना फोर्डाइस कण म्हणतात, त्यांचं काही करायचं नसतं. दोन्ही गालांच्या आत दात जिथे मिटतात त्या रेषेवर पांढरी रेघ असते, ती चावण्याच्या दाबाची. जिभेच्या अगदी मुळाशी कमानीत मांडलेले आठ-दहा मोठे दाणे असतात; ते जन्मापासूनचे आहेत, पण माणूस चाळिशीत एकदा जीभ बाहेर काढून आरशात बघतो आणि रात्रभर झोपत नाही. जिभेवर नकाशासारखे लाल तुकडे, भोवती पांढरी कड, आणि आठवड्याभरात ते तुकडे जागा बदलतात: याला नकाशी जीभ म्हणू या, तिखट झोंबेल, बाकी धोका नाही. आपल्याकडे हिरड्या काळसर असणं हा तर रंगाचाच भाग आहे. जुन्या चांदीच्या दाढेशेजारी निळसर-काळा ठिपका दिसला तर बहुतेक वेळा तो त्या धातूचे कण हिरडीत मुरल्याचा असतो. मात्र टाळूवर किंवा हिरडीवर नव्यानं आलेला, वाढणारा काळा डाग डॉक्टरांनी पाहिलाच पाहिजे.

पांढऱ्या डागाची पहिली परीक्षा घरी होते. चूळ भरा, स्वच्छ ओल्या कापडानं हलकेच पुसा. दह्याच्या कवडीसारखा थर निघाला आणि खाली लालसर दिसलं, तर ती बुरशी आहे, कॅन्डिडा. मधुमेह ताब्यात नसलेले, रात्रीसुद्धा कवळी न काढणारे, दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणारे, खूप अँटिबायोटिक घेतलेले, यांच्यात ती दिसते. औषधानं जाते, पण कारण तसंच राहिलं तर परत येते. दोन-तीन महिन्यांत वारंवार आली तर साखर तपासा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आईंना दिलेल्या मलमात स्टिरॉइड असेल, आणि डाग बुरशीचा असेल किंवा त्यावर बुरशी बसली असेल, तर त्या मलमानं ती वाढते. तिखट झोंबायला लागण्याचं हेही एक कारण असू शकतं. ती ट्यूब जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तोवर लावणं थांबवा.

जो डाग पुसून निघत नाही, त्यात पहिला संशय दाताचा. तुटलेल्या दाढेची धार, तिरकी अक्कलदाढ, सैल कवळीची कड. एक बाई गालातला पांढरा चट्टा घेऊन रडत आल्या होत्या, घरी मृत्युपत्राची भाषा सुरू झाली होती. चट्ट्यासमोर दाढेचा टोकदार कंगोरा होता. तो घासून गुळगुळीत केला, १५ दिवसांनी बोलावलं, चट्टा नव्हता. अशा वेळी दोन आठवडे थांबणं योग्यच, कारण आपण कारण काढून टाकून थांबतो आहोत. कारण तसंच ठेवून थांबणं ही वेगळी गोष्ट.

दोन्ही गालांत जाळीसारख्या, लेससारख्या पांढऱ्या रेघा असतील तर तो लायकेन प्लॅनस असू शकतो. तो चिवट असतो, वर्षानुवर्षं कमी-जास्त होत राहतो, कधी त्यात लाल सोललेले भाग येतात आणि मग खाणं अवघड होतं. त्यातून कॅन्सर होण्याचं प्रमाण थोडं आहे, पण शून्य नाही. म्हणून वर्षातून एक-दोनदा दाखवत राहायचं. दाढदुखीवर काही लोक ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी धरून ठेवतात, त्यानंही तिथली त्वचा भाजून पांढरी पडते. गोळी गिळायची असते, गालात धरायची नसते.

आता आईंच्या चट्ट्याकडे येते. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजलेली आणि कुटलेली तंबाखू. दात घासायला म्हणून सुरू होते. मग सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, रात्री झोपताना एकदा अशी दिवसाला वाटली जाते. जिथे बोटानं लावायची आणि थोडा वेळ तशीच राहू द्यायची, नेमका तिथेच ओठाच्या आतला भाग पांढरा, जाड, सुरकुतलेला होतो, वाळूवर लाटेच्या खुणा उमटाव्यात तसा. बाजूची हिरडी खाली सरकते, दातांची मुळं उघडी पडतात. तुम्ही लिहिलेलं वर्णन याच्याशी जुळतं. यातली चांगली बाजू अशी की तंबाखू पूर्ण थांबवल्यावर असे बरेच चट्टे दोन ते सहा आठवड्यांत विरघळतात. थांबवूनही राहिला, तर तो ल्युकोप्लेकिया समजून तुकडा तपासायचा. पण आईंच्या बाबतीत झोंबणं नव्यानं सुरू झालंय, त्यामुळे सहा आठवडे वाट पाहायची की आधीच तुकडा घ्यायचा हे प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या.

पाहताना ते काय शोधतील ते तुम्हालाही माहीत असावं. सगळा चट्टा एकसारखा पांढरा आणि सपाट असेल तर काळजी कमी. मध्येच लाल भाग, चामखिळीसारखे उंचवटे, फट किंवा जखम असेल तर जास्त. मखमलीसारखा निव्वळ लाल चट्टा, ज्याला एरिथ्रोप्लेकिया म्हणतात, तो दिसायला किरकोळ आणि सर्वांत धोक्याचा. १९७५ साली शेफर आणि वॉल्ड्रन यांनी अशा चट्ट्यांचे तुकडे तपासले, तेव्हा सुमारे निम्म्यांमध्ये कॅन्सर आधीच खोल गेलेला निघाला आणि उरलेल्या बहुतेकांमध्ये तो उंबरठ्यावर होता. त्यामुळे लाल चट्ट्याला मी एक दिवसही मलम देत नाही. बोटानं चाचपल्यावर बूड टणक लागणं, सहज रक्त येणं, कारण नसताना दात हलणं, ओठ बधिर होणं, मानेत गाठ लागणं, गिळताना कानात कळ येणं, यांतलं एकही असेल तर त्याच दिवशी निघा.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी मिश्रीबरोबर सुपारीबद्दल बोलायलाच हवं, कारण गावाकडे दोन्ही एकाच घरात असतात. विदर्भात खर्रा, नगर-सोलापूरकडे मावा, सगळीकडे गुटखा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरी रुग्णांच्या खिशातून पुड्या निघतात. तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी, असा समज अजून घट्ट आहे. तो चूक आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीलाच, तंबाखूशिवायही, कॅन्सरकारक ठरवलं. सुपारीतल्या ॲरेकोलिनमुळे गालाच्या त्वचेखाली चिवट तंतू साठत जातात. आधी गरम-तिखट सोसत नाही, मग गाल आतून फिका, संगमरवरासारखा दिसतो, मग तोंड उघडेनासं होतं. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ मध्ये या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. घरात सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहायला सांगा. तीन मावत नसतील, तर दाखवायला हवं. विशीतल्या पोरांची दोन बोटं मावत नाहीत हे पाहणं मला अजूनही सहन होत नाही. गेलेलं तोंड उघडणं पूर्ण परत येत नाही. सुपारी सोडली तर पुढचं बिघडणं रोखता येतं.

आईंच्या भीतीकडे येते, ती खोटी म्हणून उडवून लावू नका. गावात त्यांनी पाहिलेलं असतं: कुणाचातरी तुकडा काढला आणि सहा महिन्यांत तो माणूस गेला. त्यांच्या डोळ्यांसमोर सुई आधी आली आणि मरण नंतर, म्हणून सुईनं मरण आलं. खरं असं असतं की तो माणूस आलाच उशिरा. रोग आधीच पसरलेला होता, तुकड्यानं फक्त त्याचं नाव कळलं. तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही, आणि साधा डाग त्यामुळे कॅन्सर होत नाही. आईंना हे तुम्ही सांगून पटणार नाही कदाचित. ज्यांनी तुकडा काढून घेतला आणि आज धडधाकट आहेत अशी गावातली एखादी बाई शोधा, तिला चहाला बोलवा. माझ्या अनुभवात याइतका दुसरा उपाय चालत नाही.

तुकडा काढणं म्हणजे काय, तेही सांगा. दाढ काढताना देतात तशी बधिर करणारी सुई, मग काही मिलिमीटरचा तुकडा, एक-दोन टाके. पंधरा-वीस मिनिटांचं काम. दोन दिवस मऊ भात, तिखट नाही. अहवाल साधारण आठवड्याभरात येतो. त्यात 'हायपरकेरॅटोसिस' असा शब्द असेल तर त्वचा जाड झाली आहे एवढाच अर्थ. 'डिसप्लेशिया' असेल तर पेशींची मांडणी बिघडायला लागली आहे, पण तो कॅन्सर नव्हे. सौम्य, मध्यम, तीव्र अशा त्याच्या पायऱ्या असतात. सौम्य असेल तर तंबाखू बंद आणि दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. तीव्र असेल तर तो भाग काढून टाकतात. काहीच न निघालं तरी सहा महिन्यांनी दाखवायचं, कारण चट्टा मोठा असेल तर तुकडा एका जागेचा असतो आणि चट्टा सगळीकडे सारखा नसतो. काढलेला चट्टाही कधी कधी परत येतो. बहुतेक ल्युकोप्लेकिया आयुष्यभर कॅन्सर होत नाहीत; कुठला होईल हे मात्र नुसत्या डोळ्यांनी कुणी सांगू शकत नाही, मीही नाही.

डोळ्यांनी पाहण्याचं मोल तरीही फार मोठं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले होते. त्या काळात देशभर झालेल्या अशा पाहण्यांमधून तोंडाचा कॅन्सर आणि त्याआधीचे चट्टे जवळजवळ फक्त तंबाखू वापरणाऱ्यांतच दिसतात हे पुढे आलं. पुढे केरळात तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन उजेडात तोंड तपासलं. २००५ मध्ये त्याचे आकडे आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. तुमच्या आईंच्या गावातल्या आशाताईंनाही या तपासणीची माहिती असते; तिशीपुढच्या लोकांची तोंडतपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे. त्यांना विचारा.

मिश्री सोडवणं हे तुकडा काढण्यापेक्षा अवघड आहे. बायका मला सांगतात, मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, दात ठणकतात, डोकं जड होतं. हे बहाणे नाहीत. निकोटिनची सवय सुटताना असंच होतं. पहिले तीन-चार दिवस वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत ओढ उतरत जाते. आधी हिरड्यांवर उपचार करून घ्या, म्हणजे दात ठणकतात म्हणून मिश्री हे कारण उरत नाही. सकाळी उठल्यावर गरम पाणी, जेवणात पालेभाजी-ताक, हाताशी बडीशेप. निकोटिनची चघळायची गोळी किंवा पट्टी डॉक्टरांना विचारून देता येते. दात कमी असतील तर पट्टी बरी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर मोफत बोलता येतं. आणि घरात तव्यावर तंबाखू भाजणं बंद करा, त्या वासानंच हात डबीकडे जातो. टोमणे मारू नका; चाळीस वर्षांची सोबत सोडायला सांगतोय आपण. घरात तरुण सून मिश्री लावत असेल तर तिलाही सांगा: २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या अभ्यासात तंबाखू-मिश्री घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं.

कुठे जायचं? जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, आणि इतर दंत महाविद्यालयांतही मुखरोग विभाग असतो; तिथे तपासणी कमी खर्चात होते. कॅन्सर निघालाच तर परळचं टाटा रुग्णालय आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार बसतात.

जाण्याआधी एक काम करा. सकाळी खिडकीच्या उजेडात आईंना बसवा, चूळ भरायला लावा, ओठ खाली ओढून चट्ट्याचा फोटो काढा, शेजारी चमच्याचा दांडा धरा म्हणजे आकार कळेल. तारीख मोबाइलमध्ये आपोआप राहते. मग चमच्यानं गाल बाजूला करून दोन्ही गालांच्या घड्या पाहा, कापडानं जिभेचं टोक धरून तिच्या दोन्ही कडा आणि जिभेखालचा भाग पाहा; एक चट्टा सापडला की दुसरा राहून जातो. तपासणीच्या दिवशी आईंना उपाशी नेऊ नका. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करू नका, पाकिटं सोबत न्या आणि आधी सांगा. मलमाची ट्यूबही न्या. तुकडा घेतला तर अहवालाची मूळ प्रत मागून घ्या, आणि तिथून निघण्याआधी पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्या.